वाचकांचे प्रश्न : सूर्याची उष्णता साठवून रात्री वीज

प्रश्न : आमचे दूध संकलन केंद्र आहे. संध्याकाळनंतर सहा तास 5 किलोवॉट वीज लागते. आरशांनी सूर्याची उष्णता लोखंडात साठवून रात्री वाफेवर जनित्र चालवायचे, तर आरसे आणि लोखंड किती लागेल? बॅटरीपेक्षा परवडेल का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : हिशेब विजेकडून सुरू करून आरशाकडे जावा. 5 किलोवॉट सहा तास म्हणजे 30 युनिट वीज. एवढ्या छोट्या वाफेच्या यंत्राला, 15 बार दाबाची (हवेच्या दाबाच्या सुमारे 15 पट) कोरडी वाफ दिली तरी, उष्णतेतून वीज होण्याचे प्रमाण 12 टक्क्यांच्या वर धरू नका. बरीच यंत्रे 8 ते 10 टक्क्यांवरच थांबतात. 12 टक्के धरले तर साठ्यातून 250 युनिट उष्णता निघाली पाहिजे.

साठा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असेल तर त्याचे तापमान 450 अंशांवरून 250 पर्यंत उतरू द्यायचे. त्याखाली 15 बारची वाफ भरवशाने मिळत नाही, म्हणून 250 च्या खालची उष्णता हिशेबात घेऊ नये. या 200 अंशांत एक किलो बीड सुमारे 100 किलोज्यूल देते. 250 युनिटांना 9 टन बीड लागेल. रात्रीची गळती भरून काढायला त्यावर टन-दीड टन जास्त.

गळती धरून दिवसाला सुमारे 290 युनिट बिडाच्या ठोकळ्यांत उतरली पाहिजेत. स्वच्छ दिवशी सरळ किरणांतून चौरस मीटरला 5 युनिट येतात असे धरू. आरशावरची धूळ, चुकलेला झोत आणि रिसीव्हरचा (झोत झेलणाऱ्या भागाचा) तोटा वजा जाता त्यातले 55 टक्के हाती लागतात. म्हणजे सूर्यासमोर 105 चौरस मीटर आरसा हवा. शेफलर पद्धतीची, म्हणजे झोत एका ठरलेल्या जागी पाडणारी, 16 चौरस मीटरची वाटीसारख्या आरशाची डिश तिरकी उभी असल्याने सूर्याला तिचे सरासरी 11 ते 12 चौरस मीटरच दिसतात, आणि तो आकडाही ऋतूनुसार हलतो. तेव्हा 9 डिश आणि प्रत्येकीमागे सव्वा टनाच्या आत-बाहेरचा ठोकळा.

नुसती वीज हवी असेल तर हे करू नका. तेवढीच वीज 8-9 किलोवॉटचे पॅनेल आणि 35 ते 40 युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी देईल. जागा निम्म्याहून कमी लागेल आणि रात्री कोणाला यंत्रापाशी थांबावे लागणार नाही.

पण तुमचे केंद्र दुधाचे आहे, आणि इथे हिशेब फिरतो. यंत्रातून गेलेल्या 250 युनिटांपैकी 220 युनिटे वाफेबरोबर बाहेर पडतात. बाहेर पडलेली वाफ हवेच्या दाबालाच थंड केली, तर त्यातून सुमारे 3,000 लिटर पाणी 20 वरून 80 अंशांवर जाते. कॅन धुणे, टाक्या आणि नळ्यांची सफाई, पाश्चरायझेशन ही सगळी कामे त्यात होतात. रोज एवढे गरम पाणी खरोखर लागत असेल आणि सध्या त्यासाठी लाकूड किंवा डिझेल जळत असेल, तर योजना विचारात घेण्यासारखी आहे. मुख्य उत्पादन उष्णता आणि वीज जोडउत्पादन, असे धरूनच ती आखावी. शिर्डीच्या साई संस्थानाने 2009 मध्ये 16 चौरस मीटरच्या 73 डिश बसवल्या, त्या वाफेवर स्वयंपाक करण्यासाठी. उष्णतेचे उष्णता म्हणूनच काम घेतले, की तिचा मोठा भाग वाया जात नाही.

बिडाच्या साठ्यावर वीज करणारा प्रकल्प पाहायचा असेल तर राजस्थानात आबू रोडला जा. तिथे ब्रह्माकुमारींच्या ‘इंडिया वन’मध्ये 60 चौरस मीटरच्या 770 डिश आहेत. प्रत्येक डिशच्या नाभीपाशी (किरण एकवटतात त्या जागी) बिडाचा पोकळ रिसीव्हर आहे आणि तोच साठाही आहे. क्षमता 1 मेगावॉट. त्या आकाराला खरी टर्बाइन लावता येते. 5 किलोवॉटला ती सोय नाही.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे. 16 चौरस मीटरच्या डिशसमोर 40 सेंटिमीटर व्यासाची काळी सपाट प्लेट आणि तिच्यामागे 400 किलोचा बिडाचा ठोकळा बसवला. संध्याकाळी 430 अंश असतात, पहाटे 180. भोवती 25 सेंटिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आहे. उष्णता जाते कुठे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : समोरून जाते. रॉकवूल पाठीला आणि बाजूंना आहे, प्लेट मात्र रात्रभर आकाशाकडे उघडी आहे. 430 अंशांचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरला 12 ते 13 किलोवॉट नुसता किरणांनी फेकतो. तुमच्या प्लेटचे क्षेत्रफळ 0.126 चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे दीड किलोवॉट. वर वाऱ्याचा अर्धा धरला की दोन. 250 अंशांवर हाच तोटा पाऊण किलोवॉटच्या खाली येतो, कारण किरणांचा तोटा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. दुपारी ही डिश चांगल्या उन्हात साधारण 6 किलोवॉट प्लेटवर टाकते, म्हणजे तिसरा हिस्सा तिथल्या तिथे परत जातो.

पहिली दुरुस्ती झाकणाची. 2 मिलिमीटर पत्र्याची चौकट, आत 100 मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी सिरॅमिक धाग्यांची गादी), बिजागरी वरच्या बाजूला. झाकण स्वतःच्या वजनाने पडून बंद झाले पाहिजे आणि उघडे धरायचे काम विद्युतचुंबकाने करावे. वीज गेली, ढग आले, ठोकळा 450 च्या वर गेला, अशा प्रत्येक वेळी चुंबकाचा पुरवठा तुटतो आणि झाकण पडते. मोटरने बंद होणारे झाकण नेमके वीज गेल्यावर उघडे राहते. झोत मात्र झाकणावर फार वेळ राहू देऊ नका. ब्लँकेट तग धरते, पत्रा वाकतो. डिश बाजूला वळवण्याची सोय वेगळी हवी.

दुसरी दुरुस्ती प्लेट काढून टाकण्याची. ठोकळ्यालाच पोकळी ठेवून ओता. तोंड लहान, आत खोली तोंडाच्या दीडपट, आणि आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ तोंडाच्या निदान चौपट. झोत मोठ्या भिंतीवर पसरला की एका जागी बीड तापून लाल होत नाही, आणि एका भिंतीवरून उडालेले किरण दुसरीवर पडतात. आतून काळा रंग लावायची गरज उरत नाही. बिडावर चढणारा काळसर ऑक्साइडचा थर पुरतो. साधा ऑइलपेंट लावला तर तो पहिल्याच दिवशी जळून पापुद्रे सुटतील. तोंडाचा कल रचनेत जमेल तितका खाली ठेवा, म्हणजे गरम हवा पोकळीत अडकून राहते.

तोंड किती ठेवायचे हे डिशच सांगेल. नाभीच्या जागी चौकटी आखलेला पत्रा धरा, काही सेकंदांचा झोत घ्या, गडद काचेतून फोटो काढा. हे सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तिन्ही वेळांना करा, कारण ठिपक्याचा आकार दिवसभर बदलतो. नव्वद टक्के प्रकाश 28 सेंटिमीटरमध्ये मावत असेल तर 30 चे तोंड ठेवा. 40 वरून 30 वर आल्याने तोंडातून होणारा तोटा 44 टक्क्यांनी घटतो. ठिपका पसरट निघाला तर आधी आरशाच्या पट्ट्या नीट बसवा. मोठे तोंड हा त्यावरचा इलाज नव्हे.

राहिले ठोकळ्याचे पाय. लोखंडाच्या पायातून उष्णता रॉकवूलच्या सातशेपट सहज वाहते. ठोकळा कॅल्शियम सिलिकेटच्या किंवा इन्सुलेशनच्या विटांवर ठेवा. रॉकवूलच्या गाद्यांतला चिकट द्रव 250 अंशांच्या आसपास जळतो आणि गादी खाली बसते, म्हणून ठोकळ्याला लागून आधी 50 मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेट द्या. बाहेरच्या ॲल्युमिनियम पत्र्याचे जोड वरचा खालच्यावर असे ठेवा. पावसाचे पाणी आत मुरले तर पुढचे कित्येक दिवस निम्मी उष्णता ते वाळवण्यातच जाईल.

फाउंड्री तुमचीच असल्याने एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वाफेची नळी ठोकळ्यात ओतणार असाल तर ती बॉयलरच्या साध्या पोलादाची आणि जाड भिंतीची घ्या. स्टेनलेसचे प्रसरण बिडापेक्षा दीडपटीहून जास्त आहे. रोज तापण्या-निवण्यात तिच्याभोवती फट पडते, आणि केसाएवढ्या फटीनेही उष्णता नळीपर्यंत पोचेनाशी होते. ग्रे बीड 450 च्या वर वारंवार तापवले तर ते कायमचे फुगते, म्हणून मर्यादा तिथेच ठेवा.

प्रश्न : बिडाऐवजी काँक्रीटचा साठा करता येईल का? इथे काळी खडी भरपूर आहे.
— एक वाचक, लातूर

उत्तर : येईल, 400 अंशांच्या आत. तेवढ्याच अंशांच्या उतारात एक किलो काँक्रीट बिडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता देते. वाचकांना याचे नवल वाटते, पण वजन आणि उष्णता साठवण्याची ताकद एक नव्हे. मात्र 400 वरून 250 पर्यंत उतार 150 अंशांचाच मिळतो, म्हणून 9 टन बिडाचे काम सुमारे साडेसहा टन काँक्रीट करते. बसाल्टची, म्हणजे तुमच्याकडची काळी, खडी उत्तम. वाळू फार गारगोटीची नको. सिमेंटमधला चुना 400 च्या वर फुटू लागतो आणि निवताना दमट हवेशी पुन्हा जुळतो, त्यातून तडे जातात.

अडचण उष्णता आत-बाहेर नेण्याची. बीड काँक्रीटच्या तीस-चाळीसपट उष्णतावाहक आहे, त्यामुळे काँक्रीटवर थेट झोत टाकता येत नाही. पृष्ठभाग फुटेल आणि आतला भाग गारच राहील. रिसीव्हर वेगळा, मधे गरम तेल किंवा वाफ, आणि काँक्रीटमध्ये दर 8 ते 10 सेंटिमीटरवर नळी, अशीच रचना हवी.

पहिल्यांदा तापवताना घाई केली तर ठोकळा उडतो, अगदी शब्दशः. आतल्या पाण्याची वाफ कोंडते. महिनाभर मुरवल्यावर तासाला 10 अंशांपेक्षा जास्त न चढवता तापवा, 110 ते 130 च्या दरम्यान वाफ निघायची थांबेपर्यंत थांबा. यात कित्येक दिवस जाऊ शकतात. तेवढा वेळ जवळ कोणी उभे राहू नये.

प्रश्न : मोठ्या प्रकल्पांत वितळलेले क्षार वापरतात. छोट्यात का नको?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेटचे ते मिश्रण खरोखर गुणी आहे. स्पेनमधल्या 19.9 मेगावॉटच्या हेमासोलार प्रकल्पात 2011 पासून त्यावर 15 तासांचा साठा चालतो. पण हे मिश्रण 240 अंशांखाली गोठू लागते. प्रत्येक नळी, झडप आणि पंप विजेच्या तारांनी तापता ठेवावा लागतो. 5 किलोवॉटच्या संचात ही राखणच तुमची वीज खाऊन टाकेल. वितळताना त्याचे आकारमान चार-पाच टक्के वाढते. तळातून तापवले आणि वरचा थर घट्ट असला तर टाकी फुटते. अमेरिकेतल्या क्रेसेंट ड्यून्समध्ये 2016 साली क्षाराच्या टाकीला गळती लागली आणि 110 मेगावॉटचा प्रकल्प सुमारे आठ महिने बंद राहिला.

प्रयोगशाळेत करणार असाल तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. भुसा, तेल, चिंध्या जवळ नकोत, कारण नायट्रेट आगीला प्राणवायू पुरवते. आणि अमोनियम नायट्रेट किंवा ते असलेले खत चुकूनही यात जाता कामा नये. ते स्फोटक आहे.

प्रश्न : डिशचा असा संच कोकणात चालेल का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : नाही. डिशला सरळ किरण लागतात. ढगातून गाळून आलेला उजेड ती एकवटू शकत नाही. चार महिने शून्य, आणि उरलेल्या दिवसांत खारी हवा आरसा खाते. पॅनेल बसवा.

प्रश्न : ठोकळा 400 अंशांवर असताना नळीत थंड पाणी सोडले तर काय होईल? परवाना लागतो का?
— एक वाचक, जालना

उत्तर : पाणी एकदम सोडले तर नळीच्या तोंडाशी ते उसळते, पाइपात धडाधड आपटते आणि पहिल्या वळणावरचे वेल्डिंग काही आठवड्यांत चिरते. आधी वाफेची झडप पूर्ण उघडा, मग ठरावीक मापाच्या पिस्टन पंपाने चालू प्रवाहाच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी द्या आणि दहा मिनिटांत हळूहळू वाढवा. पाणी आधी यंत्रातून परतलेल्या वाफेवर 80-90 अंशांपर्यंत तापवलेले असले तर धक्का बराच कमी होतो. बोअरचे पाणी अजिबात नको. सगळे पाणी नळीतच उडत असल्याने त्यातला प्रत्येक ग्रॅम क्षार आत चिकटतो. डीएम (क्षार काढून टाकलेले) पाणीच वापरा आणि थंड केलेली वाफ परत घ्या.

पंप बंद पडला तर बिडाचे काही बिघडत नाही, नळी कोरडी तापत राहते. धोका आहे तो दोन बंद झडपांच्या मधे अडकलेल्या पाण्याचा. म्हणून बंद करता येणाऱ्या प्रत्येक दोन झडपांमध्ये एक सुरक्षा झडप हवी, आणि तिच्या वाटेत दुसरी कुठलीही झडप नको.

बॉयलर कायद्याच्या व्याख्येतून 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे वगळलेले आहे. नळीचा संच सहसा त्यात बसतो, वाफेचा ड्रम लावला की बसत नाही. सूट मिळेल असे धरून चालू नका. नळीचा व्यास, लांबी आणि दाब लिहिलेला आराखडा घेऊन काम सुरू करण्याआधीच बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयात विचारा, आणि सूट असली तरी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी केल्याशिवाय नळीवर रॉकवूल गुंडाळू नका.