नवी गाडी आणि जुनी बनियन

अरे, नव्या गाडीवर जुनी बनियन फिरवू नकोस. मीही वर्षभर तेच केलं. उन्हात बॉनेट पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे.

मायक्रोफायबरचं फडकं घे. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे केसापेक्षा कितीतरी बारीक, चिरलेले धागे असतात त्यात. धूळ त्या फटींत अडकते, सुती फडक्यासारखी नुसती इकडून तिकडे सरकत नाही. पाणीही भरपूर शोषतं, म्हणून काचेवर डाग राहत नाहीत. पण कोरड्या धुळीवर तेही घासायचं नाही हं! आधी पाणी मारून माती उतरव.

घेताना जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) बघ: काचेला ३०० च्या आसपास, गाडीचा पत्रा पुसायला ५०० च्या वर. दोनदा घडी घालून चौपदरी केलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. चाकांचं फडकं मात्र वेगळंच ठेव.

धुताना सुती कपड्यांत टाकलंस तर त्यांचं सगळं लिंट (सुटलेले बारीक तंतू) त्यालाच चिकटेल. कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नकोस, धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. इस्त्री तर नाहीच, धागे वितळतात. आणि जमिनीवर पडलं, तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नकोस.