मिश्रण पद्धतीत उत्तर कमी का येतं?

प्रश्न : मिश्रण पद्धतीने, म्हणजे तापवलेला धातू पाण्यात सोडून, लोखंडाचा 100 ग्रॅमचा गोळा उकळत्या पाण्यात तापवून कॅलरीमापीतल्या (उष्णता मोजायच्या तांब्याच्या भांड्यातल्या) 27 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात सोडला. तापमान 33 अंशांपर्यंत चढलं. गोळा 100 अंशांचा धरून विशिष्ट उष्माधारकता (1 ग्रॅम पदार्थ 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता, कॅलरीत) 0.090 आली, पुस्तकात 0.110 आहे. चूक कुठे झाली?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आधी हिशेब पाहू. त्यात कॅलरीमापी धरलेलाच नाही. पाण्याबरोबर तांब्याचं भांडंही तापतं. ढवळणीसकट ते 60 ग्रॅम असेल, तर तांब्याच्या 0.093 प्रमाणे साधारण 5.6 ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतं. पाणी 105.6 ग्रॅम धरा, उत्तर 0.095 होईल. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे, तिथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 100 ऐवजी 98 घातले की 0.097.

बाकीची तूट प्रयोगातली, आणि त्यात मोठा वाटा बहुधा तापमापीचा. तापमानवाढ जेमतेम 6 अंश असताना एकेका अंशाच्या खुणांची तापमापी पुरत नाही. तुमचे 33 खरे 33.5 असते, तर उत्तर थेट 0.106 आलं असतं. 0.1 किंवा 0.2 अंश दाखवणारी तापमापी घ्या.

ओला गोळा तर दोन्हीकडून फसवतो. हवेतून नेताना त्याच्यावरचं पाणी वाफ होऊन तो झपाट्याने निवतो आणि उत्तर घटतं. उलट 1 ग्रॅम उकळतं पाणी चिकटून आत गेलं, तर जादा 65 कॅलरी जातात, म्हणजे इथल्या एकूण उष्णतेचा दहावा हिस्सा! म्हणून धातू कोरडाच तापवावा. गोळ्याऐवजी न गंजलेले लोखंडी खिळे रुंद परीक्षानळीत भरा, मधोमध तापमापी खोचा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि नळी उकळत्या पाण्यात धरा. पारा चढायचा थांबला की तोच आकडा घ्या, 98 गृहीत धरू नका. नळी बाहेरून पुसून खिळे एका झटक्यात ओता, पाणी उडू देऊ नका. बर्नर आणि कॅलरीमापी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसा हवाच.

ओतल्यावर सतत ढवळत दर 15 सेकंदांनी नोंद करा, सर्वोच्च आकड्यानंतरही चार-पाच मिनिटं. घसरणीची रेघ आलेखावर ओतण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवली की बाहेर उष्णता गेली नसती तर समतोल कुठे झाला असता, ते कळतं.

रम्फर्ड या शास्त्रज्ञाची युक्तीही चांगली आहे: अपेक्षित वाढीच्या निम्म्याने पाणी खोलीपेक्षा थंड ठेवायचं, म्हणजे आधी मिळालेली आणि नंतर गमावलेली उष्णता बरीचशी फिटते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, ती जपून वापरा. दमट हवेत थंड भांड्यावर बाहेरून दव धरतं, आणि 1 ग्रॅम दव साधारण 580 कॅलरी सोडतं. भांडं बोटाला ओलसर लागलं, तर पाणी खोलीच्याच तापमानाचं घ्या आणि आलेखावर भिस्त ठेवा.