वाचकांचे प्रश्न : फायबरच्या होडीत भार किती आणि कुठे?

प्रश्न : आमच्या जुन्या लाकडी होडीच्या जागी आम्ही २० फूट लांब आणि ५ फूट रुंद अशी फायबरची होडी घेतली आहे. रिकामी निघाली की खाडीच्या मुखाशी ती फार झटके देत डोलते. तळात वाळूची पोती टाकावीत, असे शेजारी सुचवतात. ते योग्य आहे काय?
— एक वाचक, देवगड

उत्तर : झटके देत डोलणारी होडी अस्थिर असते, हा समज प्रथम दूर करावा लागेल. रुंद आणि हलकी होडी जराशी कलली, तरी खाली गेलेल्या बाजूला पाणी जोराने वर रेटते. त्यामुळे ती चटकन सरळ होते आणि तो झटका आत बसलेल्यांना जाणवतो. लाकडी होडीचे अंग जड असल्याने ती सावकाश डोलत होती, एवढाच फरक आहे. खरी काळजी वाटावी ती कललेल्या स्थितीत क्षणभर रेंगाळून मग आळसाने परतणाऱ्या होडीची.

भार घातल्याने डोलणे मंदावते, हे मात्र खरे. तुमच्या मापाची होडी १ सेंटिमीटर अधिक बुडण्यासाठी ढोबळमानाने ६५ किलो वजन लागते, म्हणजे १५० किलो वाळू भरूनही काठ जेमतेम अडीच सेंटिमीटर खाली येईल. शेजाऱ्यांना त्यात धोका दिसत नाही, तो बहुधा यामुळेच. होडी लाटेने भरली, की हिशेब बदलतो. लाकूड स्वतः तरंगते. फायबर पाण्याहून जड असल्याने भरलेली होडी वर राहते ती केवळ बाकांखाली बंद केलेल्या फोमच्या बळावर. १५० किलो कोरड्या वाळूचे वजन पाण्याखालीही सुमारे ९० किलो उरते आणि ते उचलण्यातच जवळपास ९० लिटर फोम खर्ची पडतो. इंजिन आणि माणसे यांच्यासाठी मग काय शिल्लक राहणार? शिवाय सुटी पोती होडी कलली की त्याच बाजूला घसरतात आणि फाटक्या पोत्यातली वाळू उपसा पंपाच्या जाळीत जाऊन बसते.

त्यापेक्षा २० लिटरचे सहा-सात कॅन गोड्या पाण्याने काठोकाठ भरावेत, झाकणे घट्ट लावावीत आणि ते होडीच्या मध्यरेषेवर, इंजिनाचे वजन मागे असल्यामुळे मध्यापासून किंचित पुढे, तळाच्या आडव्या फळ्यांना दोरीने आवळून बांधावेत. होडी भरली तरी या पाण्याचा बोजा समुद्रात उरत नाही, आणि मासळी भरपूर मिळाली तर कॅन तिथेच ओतून टाकता येतात. अर्धवट भरलेला कॅन मात्र ठेवू नये. त्यातले पाणी कलत्या बाजूला धावते.

तळात साचलेल्या पाण्याकडेही तितकेच लक्ष द्यावे. त्याची खोली बोटभर असली, तरी ते होडीच्या पूर्ण रुंदीत पसरलेले असेल तर स्थिरता बरीच खाऊन टाकते, कारण हा परिणाम मुख्यतः रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. मधोमध लांबीच्या दिशेने एक घट्ट उभी फळी बसवून पाण्याचे दोन समान भाग केले, तर तो एक चतुर्थांशावर येतो. जाळे ओढताना दोघांनी एकाच काठावर वाकणे हे तर वाळूच्या प्रश्नाहून गंभीर आहे. एकाने मध्यरेषेवरच उभे राहावे.

प्रश्न : पाच फुटी रुंदीच्या फायबरच्या होडीला उलांडी (बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेले तरंगते लाकूड) लावता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : लावता येईल, पण फारसे साधणार नाही. उलांडी ही अरुंद अंगाच्या होडीची गरज आहे. तुमच्या होडीला तिची रुंदीच पुरेसा आधार देते. उलट उलांडीच्या आडव्या दांड्यांचा सगळा ताण फायबरच्या पातळ काठावर बोल्टच्या भोकांपाशी एकवटतो आणि तिथून तडे जातात. लावायचीच असेल, तर काठाच्या आतून रुंद लाकडी पट्टी देऊन मगच बोल्ट आवळावेत.