१४ वर्षांनी जमलेला मेटल बँड ३ आठवड्यांत अल्बम रेकॉर्ड करू शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला पाच जणांचा मेटल बँड १४ वर्षांपूर्वी बंद पडला. आता सगळे चाळिशीला आलेत आणि ५ जुनी, ३ नवी अशा ८ गाण्यांचा अल्बम करायचाय. लीड गिटारिस्ट जर्मनीत असतो, तो डिसेंबरात ३ आठवड्यांसाठी येतोय. जुना बेसिस्ट या वेळी नाही, त्याच्या जागी नवा आहे. तेवढ्या दिवसांत रेकॉर्डिंग उरकेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

उरकणार नाही. ८ गाण्यांचे ड्रम्स तेवढे उरकतील, आणि ते नीट झाले तरी ३ आठवडे सार्थकी लागले म्हणायचं. परदेशातला माणूस आलाय तर आधी त्याच्या गिटारी घेऊन टाकू, असं सगळ्यांनाच वाटतं. पण गिटार तो तिकडे आपल्या खोलीत बसून, मध्यरात्री, हेडफोन लावून रेकॉर्ड करू शकतो. पाच जणांनी एका खोलीत उभं राहून गाणं बसवणं मात्र तिकडून होत नाही. म्हणून तो आल्यावर पहिले १० दिवस फक्त जॅमरूम, मग ४ दिवस ड्रम्स, बाकीचे दिवस राखीव. ड्रम्सच्या शिफ्टला त्याने कंट्रोल रूममध्ये बसून स्क्रॅच गिटार, म्हणजे ड्रमरच्या सोबतीपुरती कच्ची गिटार, वाजवावी. ही गिटार पुढे फेकूनच द्यायची आहे, पण ड्रमरच्या कानात नुसती क्लिक (वेग धरायची टिकटिक) असणं आणि क्लिकबरोबर ओळखीचा हात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तुमच्यात खरी परीक्षा आहे ड्रमरची. खूप वर्षांनी परतलेल्या मोठ्या मेटल बँडांकडे पाहा. कार्कसचा ‘स्वानसाँग’ १९९६ मध्ये आला आणि त्यानंतरचा ‘सर्जिकल स्टील’ थेट २०१३ मध्ये. मूळ ड्रमर केन ओवेनला १९९९ मध्ये मेंदूतला रक्तस्राव झाला होता, त्यामुळे या अल्बमवर ड्रम्स डॅन वाइल्डिंगचे आहेत आणि केनचा फक्त आवाज आहे. ब्लॅक सॅबथच्या २०१३ च्या ‘१३’वर बिल वॉर्ड नाही, करारावरून फिसकटलं आणि ब्रॅड विल्क वाजवायला बसला. ॲट द गेट्सने १९९५ नंतर २०१४ मध्ये अल्बम केला तो जुन्याच ड्रमरसह, म्हणजे जमतंच नाही असंही नाही. पण इतक्या वर्षांनी सगळ्यात आधी कुरकुरतात ते पायच.

हिशोब मांडून बघा. १९० बीपीएमला (मिनिटाला १९० मात्रा) सोळाव्याची डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी किक ड्रमवर मात्रेला चार ठोके, म्हणजेच सेकंदाला साडेबारापेक्षा जास्त ठोके. चौदा वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसलेले पाय हे १० दिवसांत करणार नाहीत. आजपासून रोज ४० मिनिटं हवीत. १४० पासून सुरू करा. एक मिनिट न थांबता, मग एक मिनिट विश्रांती, अशा चार फेऱ्या. त्यानंतर एकट्या डाव्या पायाच्या दोन फेऱ्या, कारण खरा चोर तोच असतो. सलग तीन दिवस स्वच्छ वाजलं की ४ ने वाढवा, नाही वाजलं तर तिथेच थांबा. पोटरी नाही, नडगीचा पुढचा स्नायू जळायला लागला तर सीट दोन बोटं वर घ्या आणि पेडलची स्प्रिंग थोडी सैल करा. दुखत असताना रेटलं की डिसेंबरात पाय बांधून बसायची पाळी येते.

दुसरं, जुनी गाणी तेव्हा नक्की कोणत्या वेगात होती ते आठवणीवर सोडू नका. जुना डेमो रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि दर आठ बारला (तालाच्या आवर्तनाला) वेग मोजा. क्लिकशिवाय केलेला डेमो असेल तर गाणं १८२ ला सुरू होऊन कोरसला १९० ला पळालेलं सापडेल. ते पळणं ही नेहमीच चूक नसते, कित्येकदा गाण्याची मजाच तिथे असते. सगळं गाणं एकाच क्लिकवर ठोकून बसवलं की ‘पूर्वीसारखं वाटत नाहीये’ ही तक्रार सुरू होते आणि कारण कुणाला सापडत नाही. टेम्पो मॅप, म्हणजे कोणत्या भागाला कोणता वेग याचा आराखडा, करा: व्हर्स १८४, कोरस १८८, शेवटचा संथ भाग हवा तितका खाली. आणि ड्रमरला १९० झेपत नसेल तर सरळ १८२ घ्या. घट्ट वाजलेलं १८२ ऐकणाऱ्याला धापा टाकणाऱ्या १९० पेक्षा वेगवान वाटतं.

ड्रम्सच्या ४ दिवसांपैकी पहिला अर्धा दिवस नुसत्या आवाजाचा. आदल्या संध्याकाळी ड्रम्सना नवीन स्किन (वरचे पडदे) चढवा, ताणा, रात्रभर बसू द्या आणि सकाळी पुन्हा सूर लावा. स्नेअरची वरची स्किन दर दोन-तीन गाण्यांनी बदलायची, म्हणजे तीन-चार जास्तीच्या आधीच आणून ठेवा. ऐन शिफ्टमध्ये दुकानात धावायची वेळ यायला नको. माइक १२ ते १४ लागतील: किकला आत एक, स्नेअरला वर आणि खाली, प्रत्येक टॉमला एक, हायहॅट, राइड, वर दोन ओव्हरहेड, खोलीसाठी दोन. स्नेअरचे दोन्ही माइक एकत्र ऐकून एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून पाहा, ज्यात आवाज भरीव लागेल ते ठेवा. आणि पहिला टेक घेण्याआधी प्रत्येक ड्रमचे सुटे ठोके रेकॉर्ड करा, हलके ते जोरकस असे १५-२०, मधे पूर्ण शांतता सोडून. या १० मिनिटांच्या कामाची किंमत मिक्सिंगला कळते. ठोका दबलेला असेल तिथे कुणाच्या तरी रेडिमेड सॅम्पलऐवजी तुमच्याच स्नेअरचा आवाज खाली घालता येतो. किकला ट्रिगर, म्हणजे ठोका ओळखून त्यावर सॅम्पल वाजवणारा सेन्सर, लावायला लाजू नका, या वेगात नुसत्या माइकने प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत नाही. ड्रमरला एवढंच सांगा की ड्रम जोरात मारायचे, सिंबल हलके. स्टेजवर उलट सवय लागलेली असते आणि मग ओव्हरहेडमध्ये क्रॅशशिवाय काहीच उरत नाही.

आता गिटार. तुमची जुनी गाणी ड्रॉप सीमध्ये (तारा खाली उतरवून सगळ्यात जाड तार सी सुरात) आहेत असं लिहिलंय, आणि गिटारवर अजून १०-४६ चा, म्हणजे बारीक तारांचा, सेट आहे. साडेपंचवीस इंची स्केलवर हा सेट सीला दोरीसारखा लोंबतो. जाड तार जोरात छेडली की ट्यूनरचा काटा आधी १०-१५ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर उडी मारतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. तुमच्या पाममूट (तळहाताने तार दाबून वाजवलेल्या) रिफमध्ये तार स्थिरावायला वेळच मिळत नाही, त्यामुळे संपूर्ण रिफ बेसच्या वर, बेसुरी ऐकू येते. अशा वेळी ॲम्प, पिकअप, इंजिनिअर सगळ्यांवर खापर फुटतं. ११-५६ किंवा १२-६० चा सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत नीट बसतेय का बघा. खाच अरुंद असेल तर ट्यूनिंग करताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो, म्हणजे खाच घासून घ्यावी लागेल. ताण वाढल्यावर मान वाकते, म्हणून आधी ट्रस रॉड (मान सरळ करणारी आतली सळई) आणि मग इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर जुळवणं), याच क्रमाने. ट्यूनिंग करतानाही रिफमध्ये मारता तितक्याच जोराने तार छेडा. रिदमसाठी दर गाण्याला नवीन तारा लावा.

ऱ्हिदम दोनदा वाजवायची, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. कॉपी करून थोडी सरकवायची चलाखी चालत नाही, हेडफोनवर लगेच पोकळ ऐकू येते. शक्य असेल तर दोन्ही बाजू एकाच हाताच्या असू द्या. ‘सर्जिकल स्टील’वरच्या सगळ्या गिटारी बिल स्टीअर या एकट्याने वाजवल्यात, उगाच नाही. तुमच्या दुसऱ्या गिटारिस्टला हे रुचणार नाही. मग गाणी वाटून घ्या, पण एका गाण्यात दोन हात नकोत. गेन (डिस्टॉर्शनची पातळी) स्टेजवर ठेवता त्यापेक्षा निदान एक तृतीयांश कमी ठेवा, कारण दोन ट्रॅक एकावर एक चढले की घाण दुप्पट होते. ॲम्पच्या आधी ट्यूबस्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल, ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण, एवढं केलं की खालचा गुबगुबीतपणा जातो.

हे सगळं जर्मनीत करायचं तर त्याने फक्त डीआय पाठवायची, म्हणजे ॲम्पशिवाय गिटारचा कोरा सिग्नल. ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये, मीटरचे सगळ्यात उंच ठोके −१२ ते −६ डेसिबलच्या मधे, नॉइज गेट बंद. ऐकायला ॲम्प सिम्युलेटर लावावा, पण तो फाइलमध्ये छापू नये. नंतर इथे स्टुडिओत रीॲम्प बॉक्समधून खऱ्या ॲम्पला पाठवता येतं. क्लिप झालेली (पातळी ओलांडून फाटलेली) डीआय मात्र कुणीही वाचवू शकत नाही. फाइल्स २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्या पहिल्या बारपासून सुरू होणाऱ्या, सोबत टेम्पो मॅपची मिडी फाइल. एकाचा प्रोजेक्ट ४८ आणि दुसऱ्याचा ४४.१ असला की ट्रॅक सुमारे दीड सेमीटोन खाली आणि लांबलेला वाजतो आणि दोन दिवस भांडणात जातात. इथे तुम्ही घरी रेकॉर्ड करणार असाल तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर दोष बहुधा गिटारच्या शील्डिंगचा आहे, मीटर-मॉनिटरपासून लांब, वेगळ्या कोनात बसून पाहा. हात लावल्यावर वाढत असेल तर अर्थिंगच बिघडलंय, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर वाजवू नका.

बेस सोपा आहे. एक डीआय, मिक्समध्ये तिच्या दोन प्रती. एकीत फक्त खालचा स्वच्छ आवाज, दुसरीत खालचा भाग कापून डिस्टॉर्शन. नवीन तारा, शक्यतो पिकने. दोन शिफ्टमध्ये होतो.

गळ्याचं वेगळं. ग्राउल (मेटलमधलं गुरगुरतं गाणं) करणाऱ्याला वाटतं, तंत्र अंगात आहे, एका दिवसात चार गाणी मारीन. विशीत मारली असतील. आता दिवसाला दोन, मधे निदान दोन तासांची सुट्टी, आणि एका बैठकीत ४५ मिनिटांच्या वर नाही. आवाज गळ्यातून ओरबाडून न काढता पोटाच्या जोरावर काढायचा, हे त्यालाही माहीत आहे, पण थकल्यावर सगळे गळ्यावरच येतात. टेकनंतर रक्ताची चव, टोचणारी वेदना किंवा बोलताना घोगरेपणा जाणवला की त्या दिवसाचं काम बंद, आणि दोन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. रात्री उशिरा जेवून सकाळी रेकॉर्डिंग नको, ॲसिडिटीने आवाजाची वाट लागते. कुजबुजत बोलणं हीसुद्धा गळ्याला विश्रांती नव्हे.

जुना बेसिस्ट. तुम्ही हे एका ओळीत लिहिलंय, मी असतो तर आधी हेच मिटवलं असतं. तुम्ही गाणी नव्याने रेकॉर्ड केलीत की नवं ध्वनिमुद्रण तुमचं, पण त्यातली चाल आणि शब्द ज्यांनी रचले त्यांचा हक्क वेगळा राहतो. पाचपैकी जी गाणी त्याच्याबरोबर मिळून रचलीत त्यांत तो सहलेखक आहे, बँड सोडल्याने ते बदलत नाही. एका पानावर गाण्यांची नावं, प्रत्येकाचा टक्का, सगळ्यांच्या सह्या. एवढं पुरतं, पण ते प्रेमात आहात तोवर करा. कॉपीराइट हस्तांतर लेखी असावंच लागतं आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर भारतीय कायदा ती ५ वर्षं धरतो, क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. त्या काळी एखाद्या लेबलला काही लिहून दिलं असेल तर तो कागद शोधून या दोन गोष्टी वाचा, बऱ्याचदा मुदत कधीच संपलेली असते.

लेबलच्या मागे आत्ता लागू नका. कार्कसनेही आधी स्वतःच्या पैशाने अल्बम पूर्ण केला आणि मग न्यूक्लिअर ब्लास्ट या लेबलशी करार केला. मिक्सिंगला देताना इंजिनिअरला तुमच्या पसंतीची दोन गाणी नमुन्यादाखल द्या, दोनच. आणि दुरुस्त्या पाच जणांनी व्हॉट्सॲपवर सुट्या न पाठवता एकाने गोळा करून वेळेच्या आकड्यासकट लिहायच्या, तीन फेऱ्यांत संपवायच्या. प्रत्येक जण स्वतःचंच वाद्य वाढवायला सांगतो, हे जगभर असंच आहे. मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, फार ठोकून मोठा करायला लावू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण −१४ लफ्सवर (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, −६ ला दिलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं आणि स्नेअर चपटा तो चपटाच राहतो.

मास्टर हातात आल्यावर डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंग ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) प्रकाशनाच्या किमान ४ आठवडे आधी टाका, स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या निदान ७ दिवस आधी. आणि गिटारिस्टचं परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर ड्रम्सच्या चौथ्या दिवसानंतर पाच दिवस मोकळे ठेवून काढा. ड्रमरचा एक दिवस वाया जाणार हे धरूनच चाला.