चाकांवर ६१.५, तर इंजिनात किती?

प्रश्न : माझ्याकडे मागील चाकांवर चालणारी टर्बो डिझेल पिकअप आहे. कंपनीच्या पुस्तकात तिची शक्ती ७५ पीएस दिली आहे. पुण्यात रोलरवर चढवून मोजली, तेव्हा चाकांवर ६१.५ एचपी भरली. एक मिस्त्री म्हणतात, इंजिन कामाला आले आहे, खोलावे लागेल. दुसरे म्हणतात, १८ टक्के शक्ती वाटेतच जाते, तेवढी मिळवा. पण मिळवूनही ७२.६ च येतात. खरे काय समजावे?
– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : दुसऱ्या मिस्त्रींचा टक्का अवास्तव नाही, हिशेब मात्र चुकला आहे. घट इंजिनाच्या शक्तीतून होते, चाकांवर उरलेल्या शक्तीतून नव्हे. भरडताना शंभर किलो तुरीतले अठरा किलो गेले असे धरले, तर हाती आलेल्या डाळीवरून मूळची तूर काढण्यासाठी डाळीत अठरा टक्के मिळवून चालत नाही, ०.८२ ने भागावे लागते. ६१.५ ला ०.८२ ने भागल्यास ७५ एचपी येतात.

येथे एककही पाहावे. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट; त्यामुळे पुस्तकातले ७५ पीएस म्हणजे ७४ एचपीच होतात. म्हणजे आपले जुने इंजिन पुस्तकापेक्षाही जास्त शक्ती देते, असा निष्कर्ष निघेल! तो मी काढणार नाही, कारण १८ हा आकडा कोणी मोजलेला नाही, धरलेला आहे. अशा गाडीत घट साधारण १५ ते २० टक्के धरतात. १५ धरल्यास इंजिनाची शक्ती ७२.४ एचपी येते आणि २० धरल्यास ७६.९, साडेचार एचपीचा हा फरक निव्वळ आपल्या अंदाजाचा आहे.

ही शक्ती जाते कुठे? गिअरचे दात एकमेकांवर घासतात, बेअरिंगे फिरतात, मागच्या गोळ्यातला (डिफरन्शियलमधला) क्राउन, म्हणजे मोठा दातेरी गिअर, दाट तेल घुसळत राहतो आणि टायर रोलरवर दबून पुन्हा फुगतो. या साऱ्याची अखेर उष्णता होते. लांबचा पल्ला मारून थांबल्यावर मागच्या गोळ्याजवळ हात नेऊन पाहा, धग जाणवेल. पूर्ण शक्तीवर चालताना आपल्या गाडीत अशी सुमारे १३ एचपी खर्च होते, म्हणजे विहिरीवरच्या ५ एचपीच्या अडीच मोटारी.

यातला काही भाग इंजिनाच्या जोराप्रमाणे वाढतो, तर तेल घुसळण्याचा आणि टायरचा बराचसा भाग वेगावर अवलंबून असतो. म्हणूनच एकच टक्का सर्वत्र लावणे फसवे ठरते. उद्या कोणी डिझेल पंप वाढवून चाकांवर ९० एचपी दाखवले आणि ०.८२ ने भागून ‘११० एचपीचे इंजिन’ म्हणून सांगितले, तर तो आकडा फुगवलेला असण्याची शक्यता मोठी. ट्रॅक्टरवाल्यांना ही घट नवी नाही. ४५ एचपीचा ट्रॅक्टर पीटीओवर (अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) ३८-३९ एचपी देतो, आणि काळ्या भुसभुशीत रानात ओढीला त्याहून पुष्कळच कमी.

मोजणी कशी झाली, हेही विचारून घ्यावे. पाच गिअरच्या अशा गाडीत चौथा गिअर बहुधा थेट असतो. त्यात शक्ती गिअरबॉक्समधल्या काउंटर शाफ्टवरून (शेजारच्या दांड्यावरून) फिरून येत नाही, म्हणून मोजणी त्याच गिअरमध्ये करावी. टायरमध्ये हवा कमी असली किंवा गाडी पट्ट्यांनी फार आवळून बांधली, की टायर अधिक दबतो आणि आकडा खाली येतो. गिअरचे तेल थंड असले तरीही तेच घडते.

इंजिन खोलण्याचा निर्णय या एका कागदावर घेऊ नका. आधी सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाताना येणारा दाब) तपासून घ्या. एखाद्यात ते इतरांपेक्षा बरेच कमी भरले, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) नळीतून धूर येत असला किंवा ऑइल भराभर उतरत असले, तर पहिल्या मिस्त्रींचे म्हणणे खरे धरावे. तसे काही नसेल, तर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून, त्याच रोलरवर, त्याच गिअरमध्ये आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा मोजा, आणि दोन्ही वेळचे चाकांवरचे आकडेच शेजारी ठेवून पाहा. त्या तुलनेला कोणताही टक्का धरावा लागत नाही.