एक्सयूव्ही की सफारी? आधी पॉलिसीचं बोलू

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ४१, अंबडच्या कंपनीत नोकरी, हातात महिना १ लाख २० हजार. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा, वडील ७२ आणि आई ६७. वॅगनआर आता पुरत नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन सटाण्याजवळ गावी जातो. जीएसटी कमी झाल्यावर एक्सयूव्ही ७०० आणि सफारी, दोन्हींची डिझेल मॉडेल्स बघितली. ऑन-रोड दोन्ही साधारण २४ लाख. २१ हजार भरून एकीचं बुकिंग केलंय, पाडव्याला डिलिव्हरी हवी आहे, पण मन अजून डळमळतंय. डाउन पेमेंटची सोय आहे. २०२१ मध्ये बँकेतून घेतलेल्या पॉलिसीचे पाच हप्ते भरून झालेत, पाच वर्षांनी मोडली की आठ लाख मिळतील असं तेव्हाच सांगितलं होतं. एफडीला हात लावणार नाही. उरलेल्या १६ लाखांचं सात वर्षांचं कर्ज. दोन्हींपैकी कोणती घेऊ?"

खाली त्यांनी पॉलिसीचा तपशील आणि महिन्याचा खर्चही लिहिलाय. तो लिहिला हे फार बरं झालं.

गाड्यांचं उत्तर लांबवत नाही, कारण पैशांच्या बाजूने दोन्हींत निवडण्यासारखं काही नाही. एक्सयूव्हीचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन वरच्या मॉडेलमध्ये १८५ पीएसचं, सफारीचं २ लिटरचं इंजिन १७० पीएसचं. अपघात-सुरक्षेच्या चाचण्यांत सफारीला २०२३ मध्ये भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले, एक्सयूव्हीला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच. मात्र दोन्ही चाचण्या वेगळ्या, त्यामुळे तारे समोरासमोर मोजू नका. तुमच्या घराला सहा सीटची गाडी सोयीची: मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या, त्यावर आईवडील, मागे मुलं. अशी मांडणी दोन्हींच्या काही मॉडेल्समध्ये मिळते. शोरूमला एकटे जाऊ नका, आईंना घेऊन जा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतक्या उंच गाडीत पाय टाकता येतो का, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं.

डिझेलबद्दल मात्र बजावून सांगतो. घर ते कंपनी सहा किलोमीटर आहे, असं तुम्ही लिहिलंय. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडकवणारा फिल्टर असतो, म्हणजे डीपीएफ. ती काजळी जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली तापून काही वेळ एका वेगात पळावी लागते. रोज सहा किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ टक्के, पेट्रोलला १२. साडेएकोणीस लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर हा फरकच चाळीस हजारांचा.

आता पॉलिसी.

तुमचा हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचा, पंधराव्या वर्षी म्हणजे २०३६ मध्ये २० लाख मिळायचे, आणि विम्याची रक्कम १२ लाख. पाच वर्षांत तुम्ही ६ लाख भरलेत. ते मोडून आठ लाख मिळतील हे ज्याने सांगितलं, त्याने तुम्हाला खोटं सांगितलं. यासाठी मला दुसरा शब्द वापरायचा नाही. तुमच्या काळातल्या अशा पारंपरिक पॉलिसींना चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडर केल्यावर, म्हणजे मोडल्यावर, जी हमी असते, ती भरलेल्या हप्त्यांच्या निम्म्याची. म्हणजे तीन लाख. कंपनी 'विशेष सरेंडर मूल्य' म्हणून थोडं जास्त देईल, सव्वातीन धरा. पॉलिसीच्या कागदांत सरेंडरचा तक्ता असतो. आज रात्री तो काढून बघा.

या एका आकड्याने तुमचा सगळा हिशेब कोसळतो. तुम्ही मांडलं होतं ते असं: घराचा हप्ता २७ हजार, घरखर्च आणि शाळा ५८ हजार, पॉलिसी महिन्याला १० हजार, एसआयपी ८ हजार. उरतात १७ हजार. पॉलिसी मोडली की तिचे १० सुटले, झाले २७, आणि १६ लाखांचा हप्ता ९ टक्क्यांनी बसतो २६ हजार. बसतंय म्हणता. पण डाउन पेमेंट आठऐवजी सव्वातीन झालं, तर कर्ज पावणेएकवीस लाखांचं होतं आणि हप्ता ३३ हजारांच्या वर जातो. एसआयपी बंद केली तरी हजार-दीड हजार उरतील, आणि त्यात वॅगनआरपेक्षा जास्त लागणारं इंधन, दरवर्षीचा पन्नास-साठ हजारांचा विमा आणि सर्व्हिसिंग बसवायचं आहे. ते बसत नाही. कोणी आठ वर्षांचं कर्ज पुढे करेल, तर तिथून उठून या.

पॉलिसी वाईट होतीच. १ लाख २० हजार दहा वर्षं भरून पंधराव्या वर्षी २० लाख, याचा परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते, तर तेवढ्याच मुदतीत २५ लाख झाले असते. 'बारा टक्के पडतात' हे तुम्हाला सांगितलं गेलं आणि तुम्ही ते पत्रात तसंच लिहिलंय. कृपा करून तो आकडा डोक्यातून काढून टाका.

तरीही ती आज मोडू नका. जे नुकसान व्हायचं ते बहुतेक होऊन गेलंय, आता मोडलीत तर उरलेलंही हातून जाईल. दुसरा रस्ता म्हणजे पेड-अप: पुढचे हप्ते थांबवायचे आणि पॉलिसी तशीच ठेवायची. दहापैकी पाच हप्ते भरलेत म्हणून विमा निम्म्यावर येतो आणि मुदतीअखेरची रक्कमही साधारण त्याच प्रमाणात घटते. दहा लाखांच्या आसपास मिळणार असतील, तर आजच्या सव्वातीन लाखांचे दहा-अकरा वर्षांत दहा लाख होतात. एवढा परतावा हमीने दुसरीकडे कुठेच मिळत नाही. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा, आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप केल्यास २०३६ मध्ये मिळणारी रक्कम. बँकेतल्या माणसाला फोन करून विचारू नका. ईमेल करा आणि पॉलिसी क्रमांक टाकून उत्तर मागा.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. बारा लाखांचा हा विमा सोडला तर तुमच्या नावावर दुसरा विमा नाही. घराचं कर्ज २४ लाख बाकी आहे, गाडीचं सोळा-वीस त्यावर चढणार, आणि घरात कमावणारं माणूस एकच. उद्या तुम्हाला काही झालं, तर तुमच्या पत्नीच्या हातात बारा लाख येतील आणि दारात चाळीस लाखांचं कर्ज उभं असेल. पॉलिसी मोडून गाडी घेतली, तर ते बाराही नाहीत. हे तुम्ही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

घरखर्च वर्षाला सात लाख. धाकटा मिळवता व्हायला सतरा-अठरा वर्षं. झाले सव्वा कोटी, त्यात घराचं कर्ज मिळवा. दीड कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला वर्षाला तीस ते चाळीस हजार पडेल. 'पैसे परत' देणारा प्रकार घेऊ नका. अर्ज करताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी करायची, असं सांगा. मग ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहते, कर्ज देणारे त्या रकमेवर हक्क सांगू शकत नाहीत. गाडीवरचा जीएसटी ज्या २२ सप्टेंबर २०२५ ला कमी झाला, त्याच दिवशी वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. शोरूममध्ये गर्दी झाली. ही दुसरी सवलत मात्र तुम्ही वापरलीच नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गेल्या वर्षी शुगर थोडी जास्त निघाली, असंही तुम्ही लिहिलंय. ते अर्जात लिहा, हप्ता वाढला तरी लिहा. लपवलेली शुगर दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि भांडायला तुम्ही नसता. याच कारणाने उशीर करू नका, पुढच्या वर्षीचा रिपोर्ट आणखी बिघडलेला असू शकतो. टर्म प्लॅन हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवू नका. पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे, तेवढा वेळ पुरेसा आहे.

आईवडिलांना फक्त तुमच्या कंपनीचा गट विमा आहे. नोकरी गेली की तो गेला. वडील सत्तरीच्या पुढचे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आईंसाठी स्वतंत्र आरोग्य विमा आजच विचारा. पेड-अपमुळे सुटणाऱ्या महिना दहा हजारांत टर्म आणि हा विमा, दोन्ही बसावेत.

मग गाडीसाठी महिना १७ हजार मोकळे राहतात. दीड वर्ष वेगळ्या खात्यात टाका, तीन लाख. दोन वर्षांचे बोनस तीन लाख. वॅगनआर विकून दोन. झाले आठ, आणि हे आठ खरे. तेव्हा अर्टिगा किंवा कॅरेन्सच्या वर्गातली, तेरा ते पंधरा लाखांची तीन रांगांची पेट्रोल गाडी घेतलीत, तर पाच ते सात लाखांचं पाच वर्षांचं कर्ज, हप्ता जास्तीत जास्त साडेचौदा हजारांच्या आसपास. हा हप्ता तुम्हाला झेपतो. पगार बराच वाढला तर तेव्हा सफारी घ्या, मी अडवणार नाही.

तोवर गावी जायचं कसं? इनोव्हा भाड्याने घ्या. नाशिक ते सटाणा नव्वदेक किलोमीटर, पण गाडीवाले दिवसाचे किमान तीनशे धरतात. किलोमीटरला अठरा रुपये, वर्षात बारा फेऱ्या, पासष्ट हजार. चोवीस लाखांची गाडी पहिल्या चार वर्षांत दरवर्षी दोन लाखांच्या वर किंमत गमावते, व्याज वेगळं.

बुकिंगच्या पावतीवर रद्द करण्याची अट वाचा आणि पाडव्याआधी शोरूमला लेखी कळवा. त्यांनी पाच-दहा हजार कापले तरी कापू द्या. आणि सरेंडरचा फॉर्म भरून दिला असेल, तर उद्या बँक उघडताच जाऊन तो मागे घ्या.