लाइपझिगमधलं एक सेमिस्टर आणि बारा देशांची यादी

तू विचारलंस ते थोडक्यात असं: ऑक्टोबर ते मार्च जर्मनीत लाइपझिगला एक्स्चेंज सेमिस्टर, शनिवार-रविवारी जमेल तितका युरोप, यादीत बारा देश, खर्च ब्लॉक्ड अकाउंटमधूनच (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेलं, महिन्याला ठरावीक रक्कमच देणारं खातं), आणि एकटी फिरणार म्हणून आईबाबांच्या जिवाला घोर. मीही अशीच एका सेमिस्टरसाठी आले होते. नंतर मास्टर्सला परतले आणि इथेच राहिले, त्यामुळे दरवर्षी नव्याने येणाऱ्यांच्या याद्या बघत असते. वयाने बरीच मोठी आहे, तेव्हा सरळ 'तू' म्हणते.

यादी बघून पहिलं वाटलं ते सांगते. हे बारा देश नाहीत, बारा राजधान्या आहेत. शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी पहाटे डोळे चोळत उतरायचं, जुना चौक, कॅथीड्रल, नदीवरचा पूल, रविवारी रात्री परत बस आणि सोमवारी नऊच्या लेक्चरला पेंगायचं. चौथ्या-पाचव्या शहरानंतर फोटोतला चौक कुठला हे फोनला विचारावं लागतं. माझं मत विचारशील तर लेक्चर चालू असताना साध्या रिजनल ट्रेनने जाता येईल तेवढंच फिर. लांबचं सगळं परीक्षेनंतर.

असं का म्हणते ते कॅलेंडर बघून कळेल. कागदावर हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पण लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात. मग परीक्षा, आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत मोकळं रान. म्हणजे तुझी खरी भटकंती शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत आहे, आणि नेमके तेच आठवडे बरेच जण गमावतात, कारण व्हिसा शेवटच्या परीक्षेच्या आसपास संपतो. तू अजून अर्ज भरलेला नाहीस ना? मग होस्टेलच्या खोलीचा करार आणि विमा ३१ मार्चपर्यंतचा घे आणि अर्जात तीच तारीख टाक. पासपोर्टवर स्टिकर लागून आला की तारखा आणि 'मल्ट' (कितीही वेळा ये-जा करता येते अशा अर्थाचा) हा शब्द, दोन्ही तिथेच उभं राहून तपास.

तो स्टिकर डी व्हिसाचा, म्हणजे एका देशात दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाचा असेल. त्यावर शेंगेनमधल्या, म्हणजे आपसात सीमा-तपासणी न ठेवण्याचा करार केलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, आणि जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत. तुझ्या बेतात ही मर्यादा आड येणार नाही. आड येईल ते नकाशाचं अज्ञान. शेंगेन आणि युरोपियन युनियन एक नव्हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये असून शेंगेनच्या बाहेर. क्रोएशिया २०२३ पासून आत आला, रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. सर्बिया बाहेर आहे, तेव्हा बुडापेस्टहून 'जरा पुढे बेलग्रेडपर्यंत' हा बेत बसमध्ये बसून ठरवायचा नाही. यादीतलं लंडन खोडून टाक, भारतीय पासपोर्टला त्याचा वेगळा व्हिसा लागतो आणि एका वीकेंडसाठी तो खर्च वेडेपणा आहे.

शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं सगळे सांगतात. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी चालू केली आहे. प्रागहून परतताना रात्री बस थांबते, टॉर्च घेऊन दोन पोलीस चढतात, सगळे झोपेत पासपोर्ट काढतात. आमच्यातल्या एकाने पासपोर्ट 'सुरक्षित राहावा' म्हणून खोलीतल्या कपाटात ठेवला होता. त्याला उतरवून घेतलं, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला. फोनमधला फोटो चालत नाही. मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड मिळालं असेल तर तेही, अंगावरच्या पाऊचमध्ये. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. ती होईपर्यंत फिरायचं मनातही आणू नको.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. खोली, विमा, जेवण, फोन यांतून जे उरतं त्यात बारा राजधान्या बसत नाहीत, डॉइचलांड-टिकेट मात्र आरामात बसतं. जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरोंना आहे. देशभरातल्या सगळ्या रिजनल गाड्या, एस-बान या उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम, शहराच्या बस त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. विकत घेण्याआधी सेमिस्टरच्या फीमध्येच विद्यार्थ्यांचं तिकीट आहे का ते विद्यापीठाला विचार, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील. आणि हे तिकीट म्हणजे दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी आहे. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं, म्हणजे मार्चमध्ये निघण्याआधी फोनवर रिमाइंडर लाव. रेल्वेचं बानकार्ड हे सवलतीचं कार्ड घेतलंस तर तेच: मुदत संपायच्या बरेच आठवडे आधी रद्द केलं नाही तर पुढच्या मुदतीचं बिल घरी येतं, तू देशात असो वा नसो.

हे तिकीट हातात असलं की लाइपझिगसारखं ठिकाण नाही. एस-बानने विटेनबर्गला जा, जिथे १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने चर्चवर टीका करणारे आपले प्रबंध मांडले. डेसाऊला जा, बाउहाउस या कला-वास्तुकलेच्या शाळेची १९२६ ची इमारत बघायला. नाउमबुर्गच्या कॅथीड्रलमधले तेराव्या शतकातले दगडी पुतळे बघ, ते पाऊण तासावर आहेत. वायमारला गेलीस तर गटे आणि शिलर या कवींच्या घरांवर दिवस संपवू नको. शहराच्या बसने वर टेकडीवर बुखेनवाल्डची नाझी छळछावणी आहे, तीही बघ. एकाच गावात ही दोन्ही टोकं पायाखालून गेली की जर्मनीबद्दलचे बरेच प्रश्न आपोआप पडायला लागतात. आणि ९ ऑक्टोबरला कुठेही जाऊ नको. १९८९ मध्ये त्याच दिवशी पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध सुमारे सत्तर हजार लोक लाइपझिगच्या रिंग रोडवर उतरले आणि पोलिसांनी गोळी चालवली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. शहर तो दिवस अजून पाळतं.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र ड्रेस्डेनच्या पुढे आहे, सॅक्सन स्वित्झर्लंड. नावात स्वित्झर्लंड असलं तरी हा सॅक्सनीतला वाळूच्या दगडांचा सुळक्यांचा मुलूख आहे, एल्ब नदीच्या काठावर. लाइपझिगहून ड्रेस्डेनला रिजनल गाडी साधारण दीड तास घेते, पुढे एस-१ ने राटेन. स्टेशनावर उतरलं की समोर नदी, आणि पलीकडे जायला एक होडी जिला इंजीनच नाही. लांब तारेला बांधलेली ती होडी नुसत्या प्रवाहाच्या जोराने तिरकी सरकत पैलतीराला लागते. तिथून चढत बास्टाय या कड्यावर. नदीपासून १९४ मीटर उंच, सुळक्यांमधून गेलेला १८५१ चा दगडी पूल. पर्यटक पुलावर फोटो काढून परत फिरतात. तू फिरू नको, पुढची पायवाट धर आणि संध्याकाळपर्यंत बाट शांडाऊच्या दिशेने चालत राहा. ऑक्टोबरच्या शेवटी बीचची झाडं पिवळी-तांबूस होतात आणि सकाळी नदीवर धुकं असतं. नोव्हेंबरनंतर मात्र वेळ सांभाळ. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे तीनला जंगलाबाहेर पडायचं. आम्ही एकदा मोबाईलच्या उजेडात लोखंडी शिड्या उतरलो आहोत. गोष्ट सांगायला झकास, उतरताना नाही.

देश मोजायचेच असतील तर गोर्लिट्झला जा. नायसे नदीवरच्या पुलावरून चालत गेलं की पोलंड. साल्झबुर्गच्या स्टेशनापर्यंतही रिजनल गाडीत हे तिकीट चालतं, आणि त्रिअरहून लक्झेंबर्गच्या सीमेपर्यंत. पुढे त्या देशात २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे.

रिजनल गाड्यांची एक गंमत आधीच सांगून ठेवते. काही गाड्या वाटेत दोन तुकड्यांत विभागल्या जातात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. घोषणा होते, जर्मनमध्ये, आणि आपण गप्पांत. डब्याच्या बाहेरच्या पाटीवरचं गाव वाचूनच चढायचं. फलाट ऐनवेळी बदलतो तेव्हा गर्दी ज्या दिशेने पळेल तिकडे पळ, कारण नंतर विचारता येतं. लांबच्या गाडीचं स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, पण मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि पुढची कुठलीही सोयीची गाडी धरता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात. लोक आळसाने मागत नाहीत. तू माग, एका हिवाळ्यात एका होस्टेलच्या रात्रीचे पैसे सुटतील.

डिसेंबर हा जत्रांचा महिना. ड्रेस्डेनचा ख्रिसमस बाजार १४३४ पासून भरतो, तुझ्या दारातच आहे. पण २४ तारखेच्या दुपारी सगळं बंद होतं आणि २६ पर्यंत बंदच राहतं, विद्यार्थी वसतिगृहही ओस पडतं. त्या तीन दिवसांची सोय आधी कर. कोणी जर्मन मैत्रीण घरी बोलावत असेल तर हो म्हण, संकोच करू नको.

यादीतला आल्प्समधला ट्रेक विसर. हिवाळी सेमिस्टरला तो नाहीच. डोंगरातली बरीच आसरा-घरं ऑक्टोबरनंतर बंद होतात ती उन्हाळ्यापर्यंत उघडत नाहीत, आणि मार्चमध्ये वर बर्फ असतो. फेब्रुवारी-मार्चला दक्षिणेकडे जा. सेव्हिल, लिस्बन, आणि मी हट्टाने सांगेन, सिसिली. विमानाने नाही. म्युनिकहून रात्रीच्या गाडीने रोम, दोन दिवस तिथे, मग रोमहून सिसिलीची रात्रीची गाडी. ही गाडी पहाटे इटलीच्या टोकाला पोचते तेव्हा तिचे डबे तोडून चक्क जहाजाच्या पोटात ढकलतात. साखळ्यांचा खणखणाट होतो, झोप मोडते. लोक चपला शोधत खाली उतरतात आणि जिन्याने जहाजाच्या वरच्या मजल्यावर जातात. सामुद्रधुनी अरुंद आहे, एका बाजूला इटलीची मुख्य भूमी, समोर मेसिनाचे दिवे. पलीकडे डबे पुन्हा जोडले जातात आणि आपण त्याच बर्थवर. पुढे समुद्राकडेची खिडकी सोडू नको, आणि कटानियाच्या बाजूला जाणाऱ्या डब्यात असशील तर एटना ज्वालामुखी कधी दिसतो ते बघत राहा. बैठकीची सीट घेऊ नको, थोडे जास्त देऊन झोपायचा बर्थ घे. एका रात्रीचं होस्टेल वाचतंच.

अशा लांबच्या फेरीला रेल्वे पास घ्यायचा तर इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी आणि युरेल बाहेरून येणाऱ्यांसाठी असतो. तुझ्याकडे इथल्या वास्तव्याचा पुरावा असेल. मात्र इटली, फ्रान्स, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही सीटचं आरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं, हे जमेला धरूनच पास परवडतो का ते बघ. पॅरिसला जाशील तर वास्तव्याचा पुरावा तिथेही दाखव. २६ वर्षांखालच्या, युरोपात राहणाऱ्यांना लूव्हर फुकट आहे, नागरिकत्व कुठलं का असेना.

विम्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून जरा खोलात जाते. इथला सरकारी विद्यार्थी विमा घेतलास तर कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन आरोग्य कार्ड असतं आणि सगळ्यांना वाटतं की झालं, युरोपभर सोय झाली. पण युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना ते कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये उपचारांसाठी वापरता येत नाही. डोंगरातून उचलून आणायचा खर्च तर ते कुठेच देत नाही. तेव्हा प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा घे, आणि त्यात डोंगरातली सुटका येते का ते वाच. आणीबाणीला सगळीकडे ११२. आणखी एक, फोनचं रोमिंग युनियनमध्ये आणि नॉर्वे-आइसलंडमध्ये घरच्यासारखंच चालतं, स्वित्झर्लंड त्या नियमात नाही. कोन्स्टान्झला तळ्याकाठी फिरताना फोन सहज स्विस टॉवर पकडतो. तिथे डेटा बंद ठेव.

आईबाबांना काय सांगायचं? एकटीने फिरणं इथे नवलाचं नाही, पण पहिल्याच फेरीला परक्या देशात मध्यरात्री उतरू नको. आधी वायमारला एकटी जाऊन ये, मग एक रात्र राहून ये. जर्मनीतल्या युगंटहेरबेर्ग, म्हणजे युवा वसतिगृहांत राहा, मुलींच्या वेगळ्या खोल्या मिळतात आणि रात्री स्वागतकक्ष किती वाजेपर्यंत उघडा हे आधीच लिहिलेलं असतं. जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह १९१२ मध्ये इथेच, आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालं, त्यामुळे ही मंडळी त्यात मुरलेली आहेत. आईबाबांना दर तासाला लोकेशन पाठवायचं कबूल करू नको, बोगद्यात रेंज जाते आणि तिकडे आकांत होतो. गाडीचा नंबर आणि पोचल्यावर एक मेसेज, एवढंच ठरव.

बॅगेचं शेवटी विचारलंयस. स्वस्त विमानांच्या फुकटच्या सामानात सीटखाली मावेल एवढीच पिशवी येते, आणि गेटवर साचा ठेवलेला असतो. मोठी ट्रॉली खोलीत राहू दे, पाठीवरची मऊ सॅक घे. तिकीट स्वस्त दिसलं तरी विमानतळ कुठे आहे ते नकाशात बघ. 'फ्रँकफर्ट-हान' फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. तुझ्या व्हिसाची मुलाखत झाली आणि तारखा कळल्या की मार्चचा बेत मला पाठव, सिसिलीच्या गाड्यांचं आपण बसून बघू.